एनवायसी एलजीबीटी हिस्टॉरिक साइट्सचा नकाशा: आईला सोबत घेऊन हार्लेम ते चेल्सी

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कुठे कापला ते पुढे येईलच, पण आधी हे आहे काय ते सांगते.

एनवायसी एलजीबीटी हिस्टॉरिक साइट्स प्रोजेक्ट नावाची वेबसाइट आहे. जुन्या इमारती जपायचं काम करणाऱ्या काही मंडळींनी २०१५ मधे ती सुरू केली. तिच्यावर न्यूयॉर्क शहराचा नकाशा आहे आणि समलिंगी आणि ट्रान्स माणसांच्या इतिहासाशी जोडलेल्या शेकडो जागा त्यावर टाकल्यात, घरं, बार, चर्च, थिएटरं, लायब्रऱ्या, ऑफिसं, सगळं. पिनवर क्लिक केलं की त्या जागेची माहिती, जुने फोटो, पत्ता. एरियाप्रमाणे शोधा नाहीतर विषयाप्रमाणे शोधा. एक पैसा लागत नाही. फोनवर नकाशा उघडायचा आणि चालायला लागायचं, गाइड नको की कोणाची वाट बघायला नको, आणि आई-बाबांना मधेच बसावंसं वाटलं तर ग्रुप पुढे निघून जाईल ही भीती नको.

आमच्या न्यू जर्सीत कोणाचेही आई-बाबा आले की कार्यक्रम ठरलेला असतो, लिबर्टीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एखादा शनिवार एडिसनला ओक ट्री रोडवर. ते सगळं कराच, पण एक दिवस याला द्या असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे. मी आईला घेऊन गेले. आई सांगलीची, उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे तिचे प्रश्न थेट असतात आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

एवढ्या जागांमधून मी एकच धागा धरला होता, ब्लॅक गे पुरुष. का ते सांगते. आपल्या नात्यातल्या ग्रुपवर कोणाच्या तरी गे मुलाचा विषय निघतो आणि मग ठरलेली वाक्यं येतात, असली माणसं घरादाराची नसतात, त्यांना आई-बापाचं काही पडलेलं नसतं, म्हातारपणी कोण बघणार. मला त्याचा फार राग येतो. आणि अमेरिकेत तर या माणसांना दोन्हीकडून बाजूला टाकलं गेलं, काळ्यांच्या चळवळीत कोणी म्हणायचं गे आहेस तर जरा मागे उभा रहा, आणि गे चळवळीत पुढे दिसायचे बरेचसे गोरे चेहरे. म्हणून मला बघायचं होतं की ही माणसं मुलगा म्हणून, मोठा भाऊ म्हणून, मामा, काका, मास्तर, शेजारी म्हणून कशी जगली. भाषणं आणि पुरस्कार सगळीकडे वाचायला मिळतात, पण घर कोणी चालवलं, आईला फ्लॅट कोणी घेऊन दिला, शेजारच्या पोरांना कोणी शिकवलं हे पत्ता हातात घेऊन त्या दारापुढे उभं राहिलं की जास्त कळतं.

सुरुवात हार्लेमपासून करा, मॅनहॅटनच्या वरच्या टोकाकडची काळ्यांची जुनी वस्ती ही. २ किंवा ३ नंबरच्या ट्रेनने १३५व्या स्ट्रीटला उतरलं की वर आल्या आल्या शॉमबर्ग सेंटर. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचंच आहे हे, काळ्या लोकांच्या इतिहासाचं जगातलं एक मोठं भांडार, एंट्री फ्री, आत स्वच्छ बाथरूम (पालकांना घेऊन फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं). ब्लॅक गे लेखक जेम्स बाल्डविनचे कागद २०१७ मधे इथेच आले. आणि इथेच इन द लाइफ आर्काइव्ह म्हणून संग्रह आहे, ब्लॅक समलिंगी माणसांची पत्रं, मासिकं, पत्रकं, हस्तलिखितं, जी एरवी घर रिकामं करताना रद्दीत गेली असती. जोसेफ बीमचे कागदही शॉमबर्गमधेच.

बीमची गोष्ट मी आईला तिथे बाकावर बसून सांगितली. फिलाडेल्फियाचा मुलगा, तिथल्या गे पुस्तकांच्या दुकानात काम करायचा, आणि शेल्फवर स्वतःसारख्या माणसांचं लिखाण जवळजवळ दिसायचंच नाही, म्हणून त्याने १९८६ मधे ब्लॅक गे पुरुषांच्या लेखनाचा एक संग्रह स्वतःच काढला. दुसऱ्या संग्रहाची जुळवाजुळव चालू असताना १९८८च्या डिसेंबरात एड्सने तो गेला, वय तेहतीस. मग त्याची आई डोरोथी बीम आणि त्याचा मित्र, कवी एसेक्स हेम्फिल, यांनी मिळून ते अर्धवट काम हातात घेतलं आणि १९९१ मधे तो दुसरा संग्रह बाहेर आला. आई म्हणाली, म्हणजे मुलगा गेल्यावर ती बाई मुलाच्या मित्राला घेऊन ते सगळं वाचत बसली? मी म्हटलं हो. आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, शिक्षिका असणार. (शिक्षण क्षेत्रातलीच होती, आईचा अंदाज बरोबर निघाला.)

त्या काळाबद्दल अजून एक. १९८६ मधेच न्यूयॉर्कमधे गे मेन ऑफ आफ्रिकन डिसेंट ही संस्था उभी राहिली, रेव्हरंड चार्ल्स एंजल यांनी काढलेली. ते स्वतः पुढच्याच वर्षी गेले पण संस्था टिकली. एड्सच्या त्या वर्षांत घरच्यांनी दार लावलं तर जाऊन बसायला, बोलायला, डॉक्टरची माहिती विचारायला जागा हवी होती, ती या माणसांनी एकमेकांसाठी तयार केली. लॉस एंजेलिसमधे कार्ल बीन या ब्लॅक गे पाद्रीने १९८२ मधे अशा लोकांसाठी चर्चच उघडलं आणि १९८५ मधे काळ्या आणि लॅटिनो पेशंटांसाठी एड्सचं केंद्र. इतिहास लिहिताना या माणसांना पेशंटच्या यादीत टाकतात, पण पेशंटच्या उशाशी बसलेलीही हीच माणसं होती.

शॉमबर्गच्या मागच्याच बाजूला, १३६व्या स्ट्रीटवर, काउंटी कलन लायब्ररी आहे. कलन म्हणजे हार्लेम रेनेसाँमधला (१९२०च्या दशकात इथे बहरलेली काळ्या लेखक-कलाकारांची चळवळ) मोठा कवी, विशीतच नाव झालेलं. १९२८ मधे डु बॉइससारख्या मोठ्या पुढाऱ्याच्या मुलीशी त्याचं लग्न झालं, अख्खं हार्लेम लोटलं होतं म्हणे, आणि दोन वर्षांत ते मोडलं कारण त्याने बायकोला आपलं मन पुरुषांकडे ओढ घेतं हे सांगून टाकलं. पण मला तिथे थांबावंसं वाटलं ते पुढच्या भागासाठी. १९३४ पासून १९४६ मधे जाईपर्यंत हा माणूस हार्लेममधल्या फ्रेडरिक डग्लस ज्युनिअर हायस्कूलमधे फ्रेंच शिकवत होता. सरकारी शाळा, मंदीचा काळ, गरीब पोरं. आणि त्या पोरांमधे एक किडकिडीत, मोठ्या डोळ्यांचा मुलगा होता जेम्स बाल्डविन, शाळेच्या साहित्य मंडळात कलन मास्तरांच्या हाताखाली लिहायला लागलेला. एक ब्लॅक गे कवी दुसऱ्या ब्लॅक गे लेखकाला शाळेत शिकवतोय, आणि दोघांनाही ते एकमेकांशी बोलायची सोय नाही. आईने लायब्ररीच्या पाटीचा फोटो काढून तिच्या शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, मला न विचारता, मला फार आवडलं.

मग लेनॉक्स ॲव्हेन्यूने खाली १३०व्या स्ट्रीटपर्यंत चालत या आणि १७० नंबर शोधा. बाहेरून काही विशेष नाही. पण १९६३च्या उन्हाळ्यात काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चाचं राष्ट्रीय ऑफिस इथे होतं आणि ते चालवत होता ब्लॅक गे कार्यकर्ता बायर्ड रस्टिन. दाराबाहेरच्या मोठ्या फलकापुढे उभ्या असलेल्या रस्टिनचा एक जुना फोटो आहे, तो फोनवर उघडून समोर धरा, मजा येते. २८ ऑगस्टचा मोर्चा, मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण सगळ्यांना माहितीये, अडीच लाख माणसं जमली हेही माहितीये. पण अडीच लाख माणसं एका दिवसात आणून, पाणी पाजून, त्याच संध्याकाळी घरी पाठवणं हे काम दोन महिन्यांच्या आत कोणी उभं केलं? बसगाड्या, संडास, पाण्याचे नळ, प्रथमोपचार, लाउडस्पीकर चांगलाच पाहिजे म्हणून धरलेला हट्ट. रिव्हरसाइड चर्चमधे स्वयंसेवकांनी रात्रीतून ८० हजार चीज सँडविच बांधली. लोकांना वाटलेल्या सूचनापत्रात घरून डब्यात काय आणा तेही होतं, पीनट बटर आणि जेलीचं सँडविच, फळ, साधा केक. आषाढी वारीत दिंडीच्या मुक्कामाचा हिशोब ज्यांच्या घरात ठेवला जातो त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६४ मधे, न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या वंशभेदाविरुद्ध चार लाखांहून जास्त मुलं एक दिवस शाळेत गेली नाहीत, ते आंदोलनही त्यानेच बांधलं होतं.

आणि या माणसाला आयुष्यभर मागे उभं केलं गेलं. १९५३ मधे कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला पुरुषासोबत सापडला म्हणून साठ दिवस जेल, नोकरी गेली. १९६० मधे हार्लेमच्याच ब्लॅक काँग्रेसमन ॲडम क्लेटन पॉवेलने धमकी दिली की रस्टिन आणि किंग यांच्यात संबंध आहेत अशी खोटी बातमी पसरवीन, आणि रस्टिन बाजूला झाला. मोर्चाच्या दोन आठवडे आधी सिनेटर स्ट्रॉम थरमंडने भर सिनेटमधे त्याच्या अटकेचे कागद काढले, पण या वेळी काळ्या कामगारांचे जुने नेते ए. फिलिप रँडॉल्फ आणि बाकीचे पुढारी त्याच्या पाठीशी उभे राहिले. १७० नंबरच्या जवळचा मोठा रस्ता आज ॲडम क्लेटन पॉवेल ज्युनिअर बुलवार्ड आहे. त्या कोपऱ्यावर उभी राहून मला वाईट वाटलं, लपवत नाही.

आपल्यासाठी एक गोष्ट इथे मुद्दाम. रस्टिनने चाळीसच्या दशकात भारताच्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत निदर्शनं केली, फ्री इंडिया कमिटीचं काम केलं आणि त्यासाठी अटकही करून घेतली. १९४८ मधे तो भारतात आला, तेव्हा गांधीजी गेलेले होते, पण त्यांच्या माणसांकडून सत्याग्रहाची पद्धत शिकायला तो काही आठवडे राहिला. मग १९५६ मधे माँटगोमेरीला काळ्यांनी वंशभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला त्या वेळी किंगजवळ बसून अहिंसा म्हणजे नुसता विचार नाही, रोजची शिस्त आहे हे त्याने समजावलं. हे ऐकल्यावर आईचा त्याच्याशी बोलण्याचा सूरच बदलला, म्हणजे ती त्या फोटोशी बोलायला लागली, अरे तू तर आपलाच निघालास वगैरे.

तिचा पुढचा प्रश्न मात्र ठरलेला, घरच्यांना माहीत होतं का? तर ऐका. रस्टिन १९१२ मधे पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरमधे जन्मला, आई फार लहान होती म्हणून आजी-आजोबांनी वाढवलं, लहानपणी तो आईला मोठी बहीणच समजायचा. आजी ज्युलिया क्वेकर, म्हणजे अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, वळणात वाढलेली. पोराने शाळेत असताना सांगितलं की मला मुलींपेक्षा मुलांबरोबर जास्त बरं वाटतं, तर तिने कांगावा केला नाही, तुला तसं हवं असेल तर तसं, इतपतच बोलली, असं तो पुढे सांगायचा. १९२०च्या दशकातली ही गोष्ट. मला वाटतं इतक्या वेळा जेलमधे जाऊनही तो माणूस मोडला नाही त्याचं मूळ या आजीत आहे.

जेवायला लेनॉक्सवरच सिल्व्हियाज आहे, १९६२ पासूनचं, जुन्या दक्षिणी पद्धतीचं काळ्यांचं जेवण. शाकाहारी असाल तर मॅक अँड चीज, कॉर्नब्रेड, गोड रताळी घ्या, पालेभाजीत मांस घातलंय का ते विचारूनच घ्या कारण बऱ्याच ठिकाणी घालतात.

तिथून पूर्वेला १२८व्या स्ट्रीटवर, फिफ्थ आणि मॅडिसनच्या मधे, रस्त्याला जेम्स बाल्डविन प्लेस नाव दिलंय. त्याची प्राथमिक शाळा इथे होती. बाल्डविन नऊ भावंडांत थोरला. सावत्र बाप कडक, पैशाची चणचण, आई बर्डिस लोकांच्या घरी काम करायची आणि हा एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातावर धाकटं भावंड घेऊन वाढला. १९४३ मधे सावत्र वडील वारले त्याच दिवशी सगळ्यात धाकटी बहीण जन्मली, आणि अंत्यविधी झाला तो याच्या एकोणिसाव्या वाढदिवशी. आपल्याकडच्या थोरल्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही, एका दिवसात तो कर्ता झाला. पुढे १९४८ मधे खिशात चाळीस डॉलर घेऊन पॅरिसला गेला, कारण हार्लेममधे राहिलो असतो तर मेलो असतो किंवा कोणाला तरी मारलं असतं असं त्याला वाटायचं. घर सोडून गेल्याची बोच त्याच्या लिखाणात ठिकठिकाणी आहे.

पण तो गेला म्हणजे सुटला असं नाही, आणि याचा पुरावा बघायला १२५व्या स्ट्रीटवरून ट्रेन धरून ७२व्याला उतरा. १३७ वेस्ट ७१वा स्ट्रीट. माझ्यासाठी या अख्ख्या रूटमधली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. १९६५ मधे बाल्डविनने ही इमारत घेतली, नाव झालं होतं, पैसे आले होते, आणि त्या पैशातून त्याने न्यूयॉर्कमधे आईला आणि भावंडांना राहायला घर केलं. आई इथे राहिली, बहीण ग्लोरिया आणि तिचं कुटुंब राहिलं, तो स्वतः फ्रान्समधून, इस्तंबूलमधून येऊन-जाऊन असायचा, मागच्या बाजूला त्याची खोली. ग्लोरिया त्याचं सगळं कामकाज बघायची. भाऊ डेव्हिड शेवटच्या आजारात फ्रान्सला त्याच्याजवळ होता. १९६२ मधे त्याने गाजलेलं जे पत्र लिहिलं ते पुतण्याला उद्देशून होतं, आणि १९७६ मधे मुलांसाठी जे पुस्तक लिहिलं ते ग्लोरियाच्या मुलासाठी, कारण भाच्याने मागे लागून विचारलं होतं की मामा तू माझ्यावर पुस्तक कधी लिहिणार. स्वतःचं मूल नसलेला माणूस, आणि त्याच्या लिखाणाच्या मध्यभागी भाचे-पुतणे. न्यूयॉर्क शहराने जून २०१९ मधे या घराला लँडमार्क, म्हणजे जपायची ऐतिहासिक वास्तू, केलं, आणि ते समलिंगी इतिहासासाठी केलं हेही स्पष्ट लिहिलं. घर बाहेरूनच बघायचं आहे, आत लोक राहतात, बेल वाजवू नका. आई समोरच्या फुटपाथवर उभी राहून मजले मोजत होती, म्हणाली, थोरल्याने केलं हो सगळ्यांचं. बस, मला हेच तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

मधे एक माझी स्वतःची भर. ५५वा स्ट्रीट आणि नाइन्थ ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ब्लॅक गे नर्तक एल्विन एलीच्या नृत्यसंस्थेची काचेची मोठी इमारत आहे, रस्त्यावरून वरच्या मजल्यांवरचे क्लास दिसतात. एली १९३१ मधे टेक्सासच्या खेड्यात जन्मला, बाप सोडून गेलेला, आई लुला एकटी, कापूस वेचून, लोकांची घरं साफ करून पोराला वाढवलं. १९५८ मधे त्याने नृत्यमंडळी काढली आणि टेक्सासच्या चर्चमधली गाणी, कापसाची शेतं, रविवारचे कपडे घातलेल्या बायका हे सगळं स्टेजवर आणलं. १९६९ मधे ब्रुकलिनला १२५ विद्यार्थ्यांवर शाळा सुरू केली. १९७१ मधे आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून एका बाईने एकटीने करायचं सोळा मिनिटांचं नृत्य रचलं आणि ते सगळ्या काळ्या स्त्रियांना, खास करून आयांना, अर्पण केलं. १९८९ मधे गरीब घरच्या ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी उन्हाळ्याचं फुकट शिबिर कॅन्सस सिटीत सुरू झालं, ती शिबिरं आजही वेगवेगळ्या शहरांत चालू आहेत. त्याच वर्षी १ डिसेंबरला तो एड्सने गेला, आणि जाताना डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं की दुसऱ्या आजाराचं नाव द्या, माझ्या आईला लोकांचं ऐकावं लागू नये. हे वाचल्यावर मला रडू आलं होतं. मरताना पण आईच्या अब्रूची काळजी, आणि आपण म्हणतो यांना घरच्यांचं पडलेलं नसतं. इथे बाहेरच्यांसाठीही क्लास असतात, अगदी नवख्यांसाठीसुद्धा, आतून बघायचं असेल तर तो उत्तम मार्ग.

शेवटचा टप्पा चेल्सी, ३४० वेस्ट २८वा स्ट्रीट, पेन साउथ. ही कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनने १९६२ मधे बांधलेली सहकारी सोसायटी आहे, दहा इमारती, २,८२० फ्लॅट, मधे झाडं आणि बाकं. गिरणगाव ज्यांनी बघितलंय त्यांना इथे हिंडताना बरं वाटेल. रस्टिन इथे राहिला तो १९८७ मधे जाईपर्यंत. शेवटची दहा वर्षं वॉल्टर नेगल त्याच्यासोबत होता, दोघांची ओळख १९७७ मधे टाइम्स स्क्वेअरला सिग्नलवर थांबले असताना झाली. लग्न करायला कायदा नव्हता. उद्या हॉस्पिटलमधे गेलो तर वॉल्टरला आत सोडतील का, घर त्याच्याकडे राहील का, ही काळजी. तेव्हा रस्टिनने १९८२ मधे काय केलं, तर वॉल्टरला कायदेशीर दत्तक घेतलं. वॉल्टर तेव्हा तिशी ओलांडलेला, त्याच्या आईने कागदावर सही करून मुलावरचा हक्क सोडला, समाजसेवा खात्याची बाई घर बघायला आली, सगळं रीतसर. माझ्या आईला हे पटायला वेळ लागला, जोडीदाराला मुलगा कसं करणार म्हणून ती अडून बसली, मी म्हटलं नाव काय द्यायचं ते कायद्याने ठरवलं, एकमेकांचं करायचं ते यांनी ठरवलं. न्यूयॉर्कमधे समलिंगी लग्न कायदेशीर झालं २०११ मधे. रस्टिनला २०१३ मधे राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं ते स्वीकारायला वॉल्टरच गेला. २०१६ मधे हा फ्लॅट राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आला, २०२० मधे कॅलिफोर्नियाने पॅसाडेनाच्या शिक्षेबद्दल माफी दिली, पण तोवर तो जाऊन बत्तीस वर्षं झाली होती.

पेन साउथमधे अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे, इथे राहतच म्हाताऱ्या झालेल्या माणसांना घरातच मदत मिळावी म्हणून १९८६ मधे खास कार्यक्रम सुरू झाला, अमेरिकेतला त्या प्रकारचा पहिला. बाकांवर आजी-आजोबा गप्पा मारताना दिसतात. आई त्यातल्या एका आजींशी तिच्या इंग्लिशमधे चांगलं बोलत बसली, विषय बहुतेक गुडघे.

आता अर्धा मार्क. नकाशावरची माहिती अभ्यासाने लिहिलीये, तारखा, इमारत कधी बांधली, दर्शनी भागात काय बदल झाले, कोणती संस्था कुठे होती, सगळं चोख. पण माझ्यासारखीला घरातलं अजून हवं असतं. स्वयंपाक कोण करायचं, भाडं कोण भरायचं, पोरांना शाळेतून कोण आणायचं. हे सगळं मला इतर वाचनातून जोडावं लागलं, आणि ते ज्यांच्याकडे नाही त्यांना ७१व्या स्ट्रीटवर एक साधी इमारत दिसेल आणि ते पुढे जातील. शिवाय सगळं इंग्लिशमधे आहे, त्यामुळे पालकांना नुसता फोन देऊन सोडून चालणार नाही, तुम्हाला सोबत जाऊन सांगावं लागेल. मला विचाराल तर तीच त्यातली मजा आहे, कारण एरवी घरात बसून हा विषय आईशी कधी बोलले असते मला माहीत नाही, आणि इथे चालता चालता तिनेच नाव घेऊन आमच्या नात्यातल्या त्या मुलाबद्दल विचारलं, तो कसा आहे, एकटा राहतो का, जेवतो का नीट.

प्रॅक्टिकल गोष्टी: सगळं एका दिवसात करायचं तर सकाळी लवकर निघा, नाहीतर हार्लेम एक दिवस आणि ७१व्या स्ट्रीटपासून खालचं दुसऱ्या दिवशी असे दोन भाग करा, साठीच्या पुढच्यांना तेच बरं. शॉमबर्गच्या वेळा जायच्या आधी बघून घ्या, आर्काइव्हमधले कागद प्रत्यक्ष बघायचे असतील तर आधी वेळ ठरवावी लागते. फोनची बॅटरी नकाशाने भराभर उतरते, पॉवर बँक न्या. सबवेतल्या सगळ्या स्टेशनांना लिफ्ट नाही, गुडघ्याचा त्रास असेल तर ७२व्यानंतर बसने खाली या. आणि ज्या मुला-मुलींनी घरी अजून सांगितलेलं नाही त्यांनी तर हा रूट आई-बाबांना घेऊन नक्की करावा, सुरुवात बाल्डविनच्या घरापासून केली तरी चालेल.